डिपॉझिट नावाचं बिनव्याजी कर्ज

पुण्या-मुंबईत गाळा किंवा ऑफिस भाड्यानं बघायला निघालेल्या माणसाला ब्रोकर कधीच एक आकडा सांगत नाही. तो दोन सांगतो. "ऐंशी हजार, पाच लाख." पहिला भाड्याचा, दुसरा डिपॉझिटचा. घासाघीस सुरू झाली की दोन्ही आकडे हलतात आणि उलट दिशांना हलतात. भाडं जरा कमी करा म्हटलं, तर मालक म्हणतो, मग डिपॉझिट वाढवा. एवढं डिपॉझिट जमत नाही म्हटलं, तर भाडं दोन-चार हजारांनी वर सरकतं. 'हेवी डिपॉझिट' हा तर मुंबईतला रुळलेला प्रकार: मोठी रक्कम एकदम मालकाच्या हाती ठेवायची आणि महिन्याचं भाडं नाममात्र, कधी शून्यच.

इथेच शंका यायला हवी. डिपॉझिट जर खरोखर सुरक्षेसाठी असेल, म्हणजे भाडं थकलं, काच फुटली, विजेचं बिल राहिलं तर वसुलीची सोय म्हणून असेल, तर ते वाढल्यावर भाडं इतकं का उतरावं? जोखीम घटली म्हणून थोडंफार उतरेल, हे मान्य. पण हेवी डिपॉझिटमध्ये भाडं जवळपास नाहीसं होतं, ते जोखीम घटल्यामुळे नव्हे. मालकाला पैसे वापरायला मिळाले म्हणून.

माझं म्हणणं असं, की व्यापारी जागांच्या डिपॉझिटमध्ये दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत. एक तारण, दुसरी बिनव्याजी कर्ज. तारण मागण्याचा मालकाला पुरेपूर हक्क आहे. कर्ज फुकटात मिळण्याचा नाही. आणि या दोन गोष्टी सुट्या करण्याचं साधन बँकांकडे कित्येक दशकं तयार आहे. अमेरिकेतल्या ऑफिसांच्या भाडेकरारांत ते स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट म्हणून सर्रास येतं, आपल्याकडे बँक गॅरंटी म्हणून अधूनमधून.

परीक्षा सोपी आहे. एखाद्या बऱ्या कंपनीनं मालकाला सांगून बघावं: सहा महिन्यांच्या भाड्याएवढी राष्ट्रीयीकृत बँकेची गॅरंटी देतो, तुम्ही लेखी मागणी केलीत की बँक पैसे देईल, आम्हाला विचारणारसुद्धा नाही. तारण म्हणून हे रोख रकमेच्या तोडीचं आहे. मोठ्या आयटी पार्कांचे मालक कधीकधी ऐकतात. बाकीचे नाक मुरडतात. "ते बँकेचे कागद नकोत हो, चेक द्या." नुसतं तारणच हवं असतं, तर हे उत्तर आलं नसतं.

आकडे मांडून बघू. महिना एक लाख भाडं, सहा लाख डिपॉझिट, पाच वर्षांचं लिव्ह अँड लायसन्स. दहा टक्के दरानं सहा लाखांवर वर्षाला साठ हजार व्याज, म्हणजे महिन्याला पाच हजार. खरं भाडं एक लाख पाच हजार झालं. भाडेकरू कॅश क्रेडिटवर धंदा करणारा असेल तर त्याला हे पैसे दहा टक्क्यांहून महाग पडलेले असतात. शिवाय पाच वर्षांनी सहा लाख परत आले, तरी पाच टक्के महागाई धरली तर त्यांची किंमत आजच्या चार लाख सत्तर हजारांच्या आसपास. बंगळूरला तर दहा महिन्यांचं डिपॉझिट ही जुनी रीत. तिथे हाच हिशेब महिन्याला आठ हजारांच्या वर जातो.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क काढताना एकूण भाड्यात परतीच्या डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्के व्याजही मिळवतात आणि त्या बेरजेवर पाव टक्का आकारतात. वरच्या उदाहरणात साठ लाख भाडं अधिक तीन लाख काल्पनिक व्याज, एकूण त्रेसष्ट लाख. शुल्क पंधरा हजार सातशे पन्नास. त्यातले साडेसातशे रुपये सरकार निव्वळ डिपॉझिटच्या पोटी घेतं. मिळतच नाही अशा व्याजावर कर, असं वाटतं खरं. पण ते व्याज मिळत असतं. फक्त भाडेकरूला मिळत नाही.

हिशेबनीस तर याहून स्पष्ट बोलतात. भारतीय लेखा मानक 116 हे 1 एप्रिल 2019 पासून लागू झालं. ज्या कंपन्यांना ही मानकं लागू आहेत, त्या डिपॉझिटची पूर्ण रक्कम येणं म्हणून दाखवत नाहीत. पाच वर्षांनी मिळणाऱ्या सहा लाखांची आजची किंमत दहा टक्के दरानं तीन लाख बहात्तर हजारांच्या आसपास येते. तेवढीच ठेव म्हणून नोंदतात. उरलेले सव्वादोन लाख जागा वापरण्याच्या हक्कासाठी आगाऊ मोजलेली किंमत धरतात. ताळेबंदापुरतं तरी सत्य कबूल झालं.

आयकराची गोष्ट निराळी. जे. के. इन्व्हेस्टर्सच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की बिनव्याजी डिपॉझिटवरचं काल्पनिक व्याज प्रत्यक्ष मिळालेल्या भाड्यात मिळवता येत नाही. कायद्याच्या अंगानं हे बरोबरच आहे, न मिळालेलं उत्पन्न उगाच कल्पून त्यावर कर लावू नये. पण परिणाम काय होतो, ते मालकाच्या खुर्चीत बसून बघा. भाड्याच्या रुपयावर आयकर, त्यातला काही टीडीएस म्हणून आधीच कापलेला, आणि मालक नोंदणीकृत असेल तर व्यापारी भाड्यावर अठरा टक्के जीएसटी. डिपॉझिटच्या रुपयावर यातलं काहीच नाही. मग मोबदल्याचा जमेल तेवढा भाग भाड्यातून काढून डिपॉझिटमध्ये ढकलावा, असं कुठल्याही शहाण्या मालकाला वाटणारच. यात लबाडी नाही. वाटच तशी आखून दिलेली आहे.

मुंबईत ही वाट जुनी आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाणभाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं आणि भाड्याव्यतिरिक्त पागडी घेणं हा गुन्हा ठरवला. भाडं गोठलं, जागेची किंमत गोठली नाही. मधला फरक पागडीच्या रूपानं टेबलाखालून वाहत राहिला. गिरगावातल्या खोलीपासून काळबादेवीच्या दुकानापर्यंत. पन्नास वर्षं सगळं शहर एका गुन्ह्यावर चाललं, असं म्हटलं तरी चालेल. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, की हे गोठलेलं भाडं आता अन्याय्य झालं आहे. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 56 नं पागडीला उघड मान्यता दिली. भाड्यात मावत नाही ते एकरकमी रकमेत मावून घ्यायची सवय तोवर हाडीमाशी खिळली होती. आजचं फुगवलेलं डिपॉझिट हे त्या पागडीचंच वंशज आहे. फरक इतकाच, की ते परत करायचं असतं. निदान करारात तसं लिहिलेलं असतं.

आणि परत येण्याचं काय? मालकाच्या वाईटपणाच्या कहाण्या सांगायची इथे गरज नाही. मालक अगदी सज्जन असू दे. सहा लाख त्याच्या चालू खात्यात जमा झाले, त्यातून त्यानं दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता भरला, मुलीचं लग्न केलं, नाहीतर नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून देऊ म्हणून निवांत राहिला. बाजार तेजीत असेपर्यंत हे चक्र फिरतं. एखाद्या वर्षी नवा भाडेकरू चार महिने मिळाला नाही, की जुन्याचे पैसे अडकतात. कोरियात घरांच्या भाड्यासाठी 'जॉन्से' नावाची पद्धत आहे: घराच्या किमतीचा मोठा हिस्सा डिपॉझिट म्हणून द्यायचा, मासिक भाडं नाही. घरांच्या किमती उतरल्यावर मालकांना ती डिपॉझिटं परत देता येईनात आणि 2023 मध्ये फसलेल्या भाडेकरूंसाठी तिथे खास कायदा करावा लागला. आपलं 'हेवी' त्याचंच धाकटं भावंड.

कायद्यात भाडेकरूची बाजू किती पोकळ आहे, हे लिव्ह अँड लायसन्सवर सही करताना फार थोड्यांना माहीत असतं. लायसन्सनं जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, ती नुसती वापरायची परवानगी असते. 1882 च्या सुखाधिकार कायद्याचं कलम 52 तसं सांगतं. त्याच कायद्याच्या कलम 59 प्रमाणे मालकानं जागा विकली तर नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो. म्हणजे सहा लाख घेतलेला माणूस एक आणि आता जागेचा मालक भलताच. डिपॉझिटचा जागेवर बोजा नाही. जुन्या मालकानं जागा गहाण ठेवून कर्ज बुडवलं आणि बँकेनं सरफेसी कायद्याखाली ताबा घेतला, तर बँकेचं तारण म्हणजे ती जागा. भाडेकरूच्या हाती मालकानं दिलेली पावती. तारण मागणारा मालक. आणि विनातारण कर्ज देऊन बसलेला भाडेकरू.

न्यूयॉर्कच्या कायद्यात यावर साधा उपाय आहे. जनरल ऑब्लिगेशन्स लॉच्या कलम 7-103 प्रमाणे डिपॉझिट हे देणाऱ्याचंच राहतं, मालक ते विश्वस्त म्हणून धरतो, स्वतःच्या पैशांत मिसळू शकत नाही, आणि हे कलम करारानं माफ करून घेता येत नाही. ते दुकानांना आणि ऑफिसांनाही लागू आहे. आता जे पैसे वापरताच येत नाहीत, त्यांत मालकाला रस किती उरेल? मग रोखीऐवजी बँकेचं पत्र, म्हणजे ते स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट, घ्यायला तो सहज तयार होतो. अमेरिकेत या पत्राचा प्रसार व्हायला हे एकच कारण नाही. दुसरं कारण मोठं आहे आणि ते दिवाळखोरीच्या कायद्यात आहे.

पण आधी ते पत्र काय असतं ते पाहू, कारण त्याची सगळी ताकद कागदात आहे. तिथल्या राष्ट्रीय बँकांना दुसऱ्याच्या कर्जाला हमी राहण्याची मुभा नव्हती. मग त्यांनी आयात-निर्यातीत मुरलेलं लेटर ऑफ क्रेडिट या कामाला जुंपलं. भाडेकरूच्या विनंतीवरून बँक मालकाला लिहून देते: अमुक तारखेपर्यंत, अमुक रकमेपर्यंत, तुम्ही हे मूळ पत्र, मागणीपत्र आणि ठरलेल्या मजकुराचा दाखला आणून दिलात की आम्ही पैसे देऊ. भाडं खरंच थकलं का, भांडण कुणाचं खरं, हे बँक बघत नाही. कागद मजकुराबरहुकूम आहेत का, एवढंच बघते. पत्र बहुधा वर्षाचं असतं आणि आपोआप पुढच्या वर्षात सरकतं. सरकवायचं नसेल तर बँकेनं आधी नोटीस द्यायची, बरेचदा साठ दिवसांची, आणि ती आली की मालक सगळी रक्कम उचलून रोख डिपॉझिट म्हणून ठेवू शकतो. इमारत विकली की पत्र नव्या मालकाच्या नावे करावं लागतं. त्याची फी कुणी भरायची यावर वकील तासन्‌तास घालवतात. वकिलांच्या तासाचे दर पाहता ती फी दोघांनी मिळून भरलेली परवडली असती.

आता दिवाळखोरी. कंपनी बुडाली आणि तिनं भाडेकरार सोडला, तर मालकाला उरलेल्या सगळ्या वर्षांचं भाडं मागता येत नाही. अमेरिकी दिवाळखोरी संहितेचं कलम 502(बी)(6) मर्यादा घालतं: एक वर्षाचं भाडं किंवा उरलेल्या मुदतीच्या पंधरा टक्के, जे जास्त असेल ते, पण तीन वर्षांच्या वर नाही, शिवाय आधीची थकबाकी. वर्षाला दहा लाख डॉलर भाडं आणि दहा वर्षं शिल्लक, तर दावा साधारण पंधरा लाखांवर थांबतो. रोख डिपॉझिट असेल तर ते या मर्यादेतून वजा होतं. बँकेच्या पत्राचे पैसेही वजा होतात का, हा लाखमोलाचा प्रश्न.

त्यावर तिथली न्यायालयं एका सुरात बोललेली नाहीत. पीपीआय एंटरप्रायझेसच्या खटल्यात तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयानं 2003 मध्ये म्हटलं, की पत्र डिपॉझिटच्या जागी दिलं होतं, दोन्ही पक्षांच्या मनात तेच होतं, म्हणून ते मर्यादेतून वजा होणार. दोन वर्षांनी स्टोनब्रिज टेक्नॉलॉजीजच्या प्रकरणात पाचव्या सर्किटनं वेगळी वाट धरली. मालकानं पत्रावर पैसे उचलले आणि दिवाळखोरीत दावाच दाखल केला नाही. मग दाव्यावरची मर्यादा त्याला कशी लागेल? बँकेनं दिले ते बँकेचे पैसे, बुडालेल्या कंपनीचे नव्हेत.

तर्क सुरेख आहे. मला तो अर्धाच पटतो. बँकेनं मालकाला पैसे दिले की ती भाडेकरूनं तिच्याकडे ठेवलेली ठेव जप्त करते. ती ठेव बँकेकडे अडकली नसती तर इतर घेणेकऱ्यांत, म्हणजे पगार थकलेल्या नोकरांत आणि माल पुरवणाऱ्यांत, वाटली गेली असती. मालकाला मर्यादेबाहेर जे मिळालं, ते शेवटी त्यांच्या ताटातलं. बँकेच्या कागदाची बाजू घेतानाही हे लपवण्यात अर्थ नाही: कागद मालक आणि भाडेकरू यांच्यातला व्यवहार स्वच्छ करतो, पण बुडीत कंपनीच्या दारातल्या रांगेत मालकाला पुढे नेऊन उभं करतो. म्हणून पत्राची रक्कमही माफक हवी. सहा महिने ठीक. दोन वर्षांचं भाडं पत्रात बांधून घेणाऱ्या मालकाबद्दल मला सहानुभूती नाही.

बँकच बुडाली तर? हा प्रश्न 10 मार्च 2023 ला अमेरिकेतल्या असंख्य जागामालकांना पडला. त्या दिवशी सिलिकॉन व्हॅली बँक बंद झाली. स्टार्टअपांची खाती तिथे आणि त्यांच्या भाड्याची पत्रंही तिचीच. सरकारनं बँकेचे व्यवहार ब्रिज बँकेकडे नेले, 27 मार्चला फर्स्ट सिटिझन्स बँकेनं ती घेतली आणि मालकांचा जीव भांड्यात पडला. पण नेहमी असं होईलच असं नाही. ओक्लाहोमातली पेन स्क्वेअर बँक 1982 च्या जुलैत बुडाली, तेव्हा तिच्या पत्राचा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1986 मध्ये निकाल आला, की असं स्टँडबाय पत्र म्हणजे विमा असलेली ठेव नव्हे. आपल्याला हा धडा अमेरिकेतून आणायची गरज नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. गॅरंटी स्वीकारणारा मालक बँकेचं नाव आधी का विचारतो, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडच्या गॅरंटीचं काम करारकायद्याच्या कलम 126 वर चालतं आणि बिनशर्त गॅरंटीला न्यायालयं सहसा हात लावत नाहीत. 1987 च्या उत्तर प्रदेश को-ऑपरेटिव्ह फेडरेशनच्या निकालापासून धोरण तेच आहे: उघड लबाडी किंवा भरून न येणारा अन्याय असेल तरच मनाई, एरवी आधी पैसे, मग भांडण. मात्र कागदाचा नियम दोन्ही बाजूंना कापतो. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार या 1999 च्या खटल्यात गॅरंटीवर पैसे मागण्याचा अधिकार चीफ इंजिनिअरला होता आणि मागणी केली एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरनं. सर्वोच्च न्यायालयानं ती मागणीच अवैध ठरवली. एवढं मोठं सरकार आणि सही चुकीच्या साहेबाची.

नादारी संहितेनंतर तर गॅरंटीचं पारडं आणखी जड झालं आहे. भाडेकरू कंपनी नादारी प्रक्रियेत गेली की कलम 14 खाली स्थगिती लागते आणि मालकाला जागा रिकामी करून घेता येत नाही. मालकाच्या हातातलं रोख डिपॉझिट तरी थकबाकीपोटी वळतं करता येईल? पूर्वी असं गृहीत धरलं जाई. पण जानेवारी 2024 मध्ये भारती एअरटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रक्रिया सुरू झाल्यावर परस्पर वजावट सरसकट चालणार नाही, अपवाद मोजके. म्हणजे रोख हातात असूनही मालकाला वकील करावा लागू शकतो. उलट 2018 च्या दुरुस्तीनं जामीनदाराला स्थगितीतून वगळलं आहे, त्यामुळे बँकेची गॅरंटी वटवायला स्थगिती आड येत नाही. तारण म्हणून कोणतं भक्कम, हे आता वेगळं सांगायला नको. तरीही चेकच हवा म्हणणाऱ्या मालकाला तारणापेक्षा पैसा प्यारा आहे.

गॅरंटीची माझ्या मते सर्वांत मोठी जमेची बाजू मात्र कायद्यात नाही, माणसाच्या आळसात आहे. रोख डिपॉझिटमध्ये मालकानं काहीच केलं नाही, तर पैसे मालकाकडे राहतात. गॅरंटीत मालकानं काहीच केलं नाही, तर ते भाडेकरूकडे राहतात. एकात परत देण्यासाठी हात हलवावा लागतो, दुसऱ्यात घेण्यासाठी. जागा सोडतानाचा तो कपातीचा कागद ज्यानं पाहिला आहे, त्याला यातला फरक लगेच कळेल. रंगकाम, पूर्ण जागा. फॉल्स सीलिंग काढून मूळ स्थितीत आणणे. एसीच्या खिळ्यांची भोकं बुजवणे. सोसायटीची थकबाकी, अंदाजे. साफसफाई. शेवटच्या ओळीत 'इतर'. प्रत्येक आकड्याच्या शेवटी सुबक शून्यं, एकाही आकड्याला बिल नाही. हा कागद तयार करायला मालकाला धाडस लागत नाही, कारण पैसे आधीच त्याच्याकडे आहेत. तीच रक्कम बँकेकडे लेखी मागायची झाली, की 'करारभंग झाला आहे' असं स्वतःच्या सहीनं लिहावं लागतं. खोटं लिहिणारे लिहितातच. पण 'इतर'साठी सही करताना बरेच जण थबकतात.

कपातीच्या याच भीतीपोटी भाडेकरूही एक चलाखी करतो. शेवटचे तीन-चार महिने भाडं देतच नाही. "डिपॉझिटमधून कापून घ्या." नुकसानीचा हिशेब करायची वेळ येते तेव्हा तारण संपलेलं असतं. दोघंही एकमेकांना ओळखून असतात आणि ज्या कामासाठी डिपॉझिट घेतलं, नेमकं तेच काम ते करत नाही.

आता दुसरी बाजू. ती कमजोर नाही. धनकवडीत झेरॉक्सचं दुकान काढणाऱ्याला बँक गॅरंटी सहजी देत नाही. पुरती रक्कम एफडीत अडकव म्हणते, वर कमिशन, कमिशनवर जीएसटी, दरवर्षी नूतनीकरणासाठी शाखेत खेपा. रोख दिली असती तरी पैसे अडकले असते, इथेही अडकले. एफडीचं व्याज मिळालं, त्यातलं काही कमिशननं खाल्लं. मोठ्या कंपनीकडे बँकेची मर्यादा मंजूर असते, तिला गॅरंटी स्वस्त पडते. छोट्यासाठी तेच साधन ओझं आहे. आणि बिनशर्त गॅरंटी विक्षिप्त मालकाच्या हाती गेली, तर दुकानदार उच्च न्यायालयात जाऊन 'उघड लबाडी' थोडीच सिद्ध करत बसणार?

मालकाची अडचणही खरी आहे. गॅरंटीची तारीख उलटली आणि लक्षात राहिलं नाही, तर तारण गेलं. मागणी करायची मुदत, दावा लावायची मुदत, 2013 पासून करारकायद्याच्या कलम 28 ला जोडलेला अपवाद, हे सगळं सांभाळायला कायदा विभाग लागतो. पौड रोडवर एकच गाळा असलेल्या निवृत्त शिक्षकाकडे तो नसतो. त्याला चेक कळतो. शिवाय भाडेकरू हटून बसला तर खटला किती वर्षं चालेल याचा नेम नाही. त्याच्या लेखी मोठं डिपॉझिट हा न्यायालयांच्या संथपणाचा विमा असतो. या माणसाला सावकार म्हणून हिणवणं अन्यायाचं होईल.

म्हणून सर्वांना एकच नियम नको. आणि कुठे रेघ मारायची हे शोधायलाही फार लांब जायला नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 3 नं ती रेघ मारून ठेवली आहे: बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही, कारण त्या स्वतःला सांभाळायला समर्थ आहेत. मग त्याच रेघेच्या वरच्या भाडेकरूनं गॅरंटी देऊ केली, तर मालकाला ती नाकारता येऊ नये. रोख हवीच असेल तर तिच्यावर व्याज द्यावं किंवा तेवढं भाडं उघडपणे वाढवून मागावं. भाडं वाढेल. वाढू दे. मुंबईतला दर पुण्याच्या किंवा हैदराबादच्या दराशी ताडून बघता येईल, आणि सरकारलाही त्यावर पूर्ण कर मिळेल.

रेघेखालच्यांसाठी रोखच राहू दे, पण मालकाच्या चालू खात्यात नको. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात व्यापारी जागांचं डिपॉझिट सहा महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित केलं आहे. तो नमुना आहे, राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय त्याला धार नाही. आणि मर्यादा घातली तरी तेवढे पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतोच. न्यूयॉर्कचं उत्तर इथे कामाचं आहे. भाडेकरूच्या नावे एफडी, तिच्यावर मालकाचा लिएन, व्याज भाडेकरूला, आणि दोघांच्या सहीशिवाय किंवा न्यायालयाच्या हुकमाशिवाय मोडता येणार नाही. बँका स्वतःच्या कर्जासाठी एफडीवर लिएन रोज लावतात. मालकासाठी लावायला नवं तंत्र शोधावं लागणार नाही. निवृत्त शिक्षकाला गॅरंटीच्या तारखा सांभाळाव्या लागणार नाहीत, झेरॉक्सवाल्याला कमिशन पडणार नाही.

मालक विरोध करतील. करणारच, सात-आठ दशकांची सवय आहे आणि हातातला पैसा कुणी हसत सोडत नाही. ब्रोकरही कुरकुरतील, कारण दोन आकड्यांच्या घासाघिशीत त्यांची गंमत होती. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे हे करार लेखी करून नोंदवणं बंधनकारकच आहे, आणि नोंदणीच्या वेळी डिपॉझिटची रक्कम सांगावी लागतेच, नाहीतर दहा टक्क्यांचा हिशेब होणार कसा? तिथे आणखी एक रकाना हवा: ही रक्कम कोणत्या खात्यात, कोणाच्या नावे ठेवली आहे. तो रिकामा सोडला तर नोंदणी होऊ नये.